झिंक सल्फेटमधले शिसे, कॅडमियम आणि आर्सेनिक काढणे: नाशिकजवळच्या सातपूरच्या प्रकल्पाच्या नोंदी

प्रकल्प: गॅल्व्हनायझिंगच्या (लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या) राखेपासून खत दर्जाचे झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट (रेणूमागे सात पाणी असलेले स्फटिक). बॅच १००० लिटर. द्राक्षाच्या ऑक्टोबरमधल्या फळछाटणीआधी माल बागांपर्यंत गेला पाहिजे, म्हणून काम पावसाळ्यात घेतले आहे.

फर्टिलायझर कंट्रोल ऑर्डर, १९८५ नुसार या मालात जस्त किमान २१ टक्के, शिसे जास्तीत जास्त ०.००३ टक्के, कॅडमियम ०.००२५ टक्के आणि आर्सेनिक ०.०१ टक्के चालते. म्हणजे किलोमागे शिसे ३० मिलिग्रॅम, कॅडमियम २५, आर्सेनिक १००.

रिॲक्टरजवळच्या माणसाला किलोमागचा आकडा उपयोगाचा नाही, त्याला लिटरमागचा हवा. लिटरला ११० ग्रॅम जस्त असलेल्या द्रावणातून साधारण ४८४ ग्रॅम हेप्टाहायड्रेट निघते. त्या हिशेबाने द्रावणात शिसे १४.५, कॅडमियम १२ आणि आर्सेनिक ४८ मिलिग्रॅम प्रति लिटर ही शेवटची रेघ. आपले लक्ष्य: शिसे ५ च्या आत, कॅडमियम २ च्या आत.

जुन्या पद्धतीचा माल (राख, आम्ल, निवळणे, स्फटिक) तपासला तेव्हा किलोला शिसे ९० आणि कॅडमियम ३१० मिलिग्रॅम निघाले. हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट टाकले तर या मालातून जवळपास ८ ग्रॅम कॅडमियम जमिनीत जाते, मर्यादेतल्या मालातून ०.६ ग्रॅम. बागेला जस्त दरवर्षी देतात. पानदेठ परीक्षणात जस्त कमी दिसले की आणखी देतात. कॅडमियम मात्र निचऱ्याबरोबर फारसे जात नाही, मातीतच साठते.

२४ जून: राख

दोन प्रकारची राख आली. पहिली पाइप गॅल्व्हनायझिंगची: जस्त ७१ टक्के, क्लोराइड ४.६, शिसे ०.८, कॅडमियम ०.०१. दुसरी भंगार जस्त वितळवणाऱ्या भट्टीची: जस्त ६४, क्लोराइड १.१, शिसे १.४, कॅडमियम ०.१९. दोन्ही निम्मी-निम्मी मिसळली. कॅडमियम जवळजवळ सगळे दुसऱ्या राखेतून येते. ती स्वस्त का मिळते हे वेगळे सांगायला नको.

राख २ मिलिमीटरच्या जाळीतून चाळायची. वर राहतात ते धातूचे दाणे, ते भट्टीवाल्याला परत. चाळून खाली आलेल्या राखेतही बारीक धातू ६-७ टक्के राहतोच. एक किलो धातुरूप जस्त आम्लात विरघळले तर सुमारे ०.३७ घनमीटर हायड्रोजन सुटतो. १८० किलो राखेत १२ किलो धातू धरला तर साडेचार घनमीटर. टाकीच्या वर एक्झॉस्ट चालू आणि झाकण उघडे, हा नियम त्यासाठी. हवेत ४ टक्के हायड्रोजन पेटायला पुरतो.

ट्रकची ताडपत्री फाटलेली होती, मधली काही पोती भिजून आली. हात लावला तर कोमट. ओल्या राखेत धातू आणि क्लोराइड यांची क्रिया सुरू होते, उष्णता आणि हायड्रोजन दोन्ही तयार होतात. अशी पोती थप्पीत लावायची नाहीत. शेडखाली पसरून ठेवायची आणि आधी वापरायची.

२७ जून: क्लोराइड धुणे

क्लोराइड येते ते फ्लक्समधून, म्हणजे झिंक अमोनियम क्लोराइडमधून. स्टेनलेसच्या टाकीला खड्डे पाडतो एवढाच त्याचा दोष नाही. शिसे क्लोराइडबरोबर विद्राव्य संयुगे करते, मग जे शिसे सल्फेट होऊन तळाला बसायला हवे ते द्रावणात राहते. न धुतलेल्या राखेच्या चाचणी बॅचमध्ये गाळलेल्या द्रावणात शिसे १९ मिलिग्रॅम प्रति लिटर होते. धुतलेल्या राखेत ते ५ च्या खाली आले.

कृती: १८० किलो मिश्र राख, ४०० लिटर पाणी, १६ किलो सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट), ६० अंश, दीड तास ढवळणे. मग गाळणे आणि साध्या पाण्याचे दोन धुणे. हिशेबाने सोडा ॲश ८ किलो पुरायला हवा. पण राखेतले क्लोराइड बरेचसे बेसिक झिंक क्लोराइडच्या रूपात अडकलेले असते, नुसत्या पाण्याने ते सुटत नाही, म्हणून दुप्पट. क्लोराइड २.९ वरून ०.३५ टक्क्यावर आले.

धुताना अमोनियाचा भपका येतो. काम उघड्यावर, वाऱ्याची दिशा बघून. सोडियम मागे राहू नये म्हणून दुसरे धुणे टाळायचे नाही. राहिलेले सोडियम पुढे मदर लिकरमध्ये, म्हणजे स्फटिक काढल्यावर उरणाऱ्या द्रावणात, साठते.

१ जुलै: लीचिंग (राख आम्लात विरघळवणे)

टाकी एमएसची (साध्या पोलादाची), आतून एफआरपी (फायबरच्या प्लास्टिकचे) अस्तर. ६५० लिटर पाण्यात धुतलेली १८० किलो राख आधी, आम्ल नंतर. उलट केले, म्हणजे आम्लात राख ओतली, तर पहिल्या काही मिनिटांत पीएच शून्याच्या आसपास असतो, धातू झपाट्याने विरघळतो आणि फेस टाकीबाहेर येतो.

सल्फ्युरिक आम्ल ९८ टक्के, एकूण १७२ किलो, म्हणजे ९४ लिटरच्या आसपास. अडीच तासांत धारेने सोडायचे, पीएच २.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. तापमान आपोआप ७०-७५ पर्यंत चढते, वाफेची गरज पडत नाही. आम्ल संपल्यावर एक तास ढवळत ठेवायचे. पीएच ४.२ ते ४.५ वर स्थिर झाला की थोडी राख शिल्लक आहे असे समजायचे, आणि ती शिल्लक हवीच. शेवटी पाणी घालून १००० लिटर. जस्त ११२ ग्रॅम प्रति लिटर मिळाले.

आम्लाबद्दल कडक नियम: डाय किंवा सल्फोनेशन कारखान्यांतून येणारे वापरलेले आम्ल घ्यायचे नाही, कितीही स्वस्त मिळो. त्यात आर्सेनिक असेल तर जस्त धातू, आम्ल आणि आर्सेनिक एकत्र येऊन आर्साइन वायू होतो. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये विष ओळखण्यासाठी हीच रासायनिक क्रिया वापरली होती. आर्साइनला लसणासारखा वास येतो, पण तो जाणवेपर्यंत हवेतले प्रमाण कामाच्या जागेच्या मर्यादेच्या (०.०५ पीपीएम) दहापट झालेले असते. ३ पीपीएमला जीव धोक्यात. तो लाल रक्तपेशी फोडतो आणि लक्षणे काही तासांनी दिसतात. त्यामुळे वासावर विसंबायचे नाही, टाकीच्या काठावर डिटेक्टर लावायचा. आम्लाच्या प्रत्येक टँकरचा आर्सेनिक अहवाल आल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचा नाही.

८ जुलै: लोह आणि आर्सेनिक

लीच द्रावणात लोह ०.९ ग्रॅम प्रति लिटर, आर्सेनिक ३ मिलिग्रॅम. लोह इथे कामाचे आहे. फेरिक हायड्रॉक्साइड बसताना आर्सेनिक स्वतःबरोबर घेऊन जाते. लोह आर्सेनिकच्या निदान दहापट, रेणूंच्या हिशेबाने, असावे. आपल्याकडे ते कित्येक पट जास्त आहे. राखेत लोह कमी निघाले तर फेरस सल्फेट बाहेरून घालायचे.

लोह फेरस रूपात आहे, ते या पीएचला बसत नाही. आधी ते फेरिक करायला हायड्रोजन पेरॉक्साइड: ०.९ किलो लोहाला ५० टक्क्यांचे पेरॉक्साइड ०.५५ किलो लागते, ०.८५ किलो घेतले. तापमान ६० च्या आसपास असावे. गरम द्रावणात पेरॉक्साइड एकदम ओतले तर निम्मे वायू होऊन उडते, म्हणून दहापट पाणी करून अर्ध्या तासात थेंबधारेने.

लोह बसताना आम्ल सुटते आणि पीएच ३.५ पर्यंत घसरतो. तो ५.० ते ५.२ वर आणायला झिंक ऑक्साइडची खळ, बॅचला दीड-दोन किलो. चुना वापरायचा नाही, जिप्सम होऊन फिल्टरचे कापड बुजते. झिंक ऑक्साइडही कमी शिशाचे घ्यायचे. स्वस्त ऑक्साइडमधून शिसे परत आत येते. पीएच ५.५ च्या वर गेला तर बेसिक झिंक सल्फेट पांढरे गढूळ होऊन बसते, आणि ते जस्त केकबरोबर (गाळल्यावर कापडावर उरणारा गाळ) वाया जाते.

नंतर द्रावणात लोह ५ मिलिग्रॅमच्या खाली, आर्सेनिक ०.१ च्या खाली. ही पायरी सिमेंटेशनच्या, म्हणजे झिंक डस्ट (जस्ताची भुकटी) टाकून कॅडमियम काढण्याच्या, आधीच व्हायला हवी. आर्सेनिक असलेल्या द्रावणात झिंक डस्ट टाकणे म्हणजे पुन्हा आर्साइनला बोलावणे.

११ जुलै: शिसे गाळण्यातून निसटते

फिल्टर प्रेसच्या (दाबाने कापडातून गाळणाऱ्या यंत्राच्या) तोंडाशी नमुना घेतला: शिसे ३१ मिलिग्रॅम प्रति लिटर. तोच नमुना प्रयोगशाळेत ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून गाळला: ४.२. म्हणजे विरघळलेले शिसे थोडेच आहे. बाकीचे २७ मिलिग्रॅम हे लेड सल्फेटचे इतके बारीक कण आहेत की कापडातून सरळ पार होतात. द्रावण डोळ्याला स्वच्छ दिसते. काचेच्या नळीत धरून बाजूने टॉर्च मारला तर प्रकाशाची धूसर रेघ दिसते, तेवढीच खूण.

शिसे मर्यादेबाहेर गेले की लोक नवे रसायन शोधतात. आधी हे दोन आकडे बघावेत. दोन्ही सारखे असतील तर रसायनाचा प्रश्न, फरक असेल तर गाळण्याचा. इथे गाळण्याचा होता.

केलेले बदल:

लोहाच्या पायरीनंतर द्रावण ४५ अंशांपर्यंत थंड करून सहा तास संथ ढवळत ठेवले. या वेळात बारीक कण विरून मोठ्यांवर चढतात आणि लेड सल्फेट भरड होते. रात्रपाळीत हे आपोआप होते.

प्रेसला डायटोमाइटचा (सच्छिद्र मातीच्या भुकटीचा) प्रीकोट, म्हणजे कापडावर आधीच बसवलेला थर: ४ चौरस मीटर क्षेत्राला २.४ किलो, ५० लिटर स्वच्छ द्रावणात कालवून फिरवायचा. प्रीकोट बसेपर्यंत पंप थांबवायचा नाही. दाब गेला की थर गळून पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिली १५ मिनिटे निघालेले द्रावण टाकीत परत. टॉर्चची रेघ दिसेनाशी झाल्यावरच पुढच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा.

शेवटी ५ आणि मग १ मायक्रॉनचे पीपी (पॉलिप्रॉपिलीन) कार्ट्रिज फिल्टर.

आता प्रेसच्या तोंडाशी ६.०, कार्ट्रिजनंतर ४.४. विद्राव्यतेची मर्यादा जवळपास इथेच आहे. जस्ताच्या इलेक्ट्रोविनिंगमध्ये (द्रावणातून विजेने धातू काढणे) शिसे आणखी खाली आणायला स्ट्रॉन्शियम कार्बोनेट वापरतात. इथे त्याची गरज नाही.

१५ ते १८ जुलै: सिमेंटेशन, बीकरमध्ये

जस्त कॅडमियमपेक्षा जास्त क्रियाशील. झिंक डस्ट टाकली की जस्त द्रावणात जाते आणि कॅडमियम, तांबे, उरलेले शिसे धातू होऊन डस्टवर चढतात. द्रावणात कॅडमियम १७६, तांबे ६० मिलिग्रॅम प्रति लिटर. हिशेबाने लिटरला ०.१६ ग्रॅम डस्ट पुरेल. प्रत्यक्षात (६० अंश, पीएच ५.०, ४५ मिनिटे):

०.२५ ग्रॅम: कॅडमियम ५८ उरले
०.५ ग्रॅम: ९
१.० ग्रॅम: ०.८
१.५ ग्रॅम: ०.६

एक ग्रॅमच्या पुढे पैसे जातात, कॅडमियम जात नाही.

पीएच ३.५ ला १२ उरले आणि बुडबुडे भरपूर: डस्ट आम्लात खर्च झाली. पीएच ५.६ ला ७ उरले, डस्टच्या कणांवर पांढरा थर. भिंगाखाली करड्या कणाभोवती बेसिक सल्फेटची साल स्पष्ट दिसते. ४.८ ते ५.२ हीच जागा.

तापमान ४० ला ६ उरले, ६० ला ०.८, ७५ ला ४. गरम केले की क्रिया वेगात होते हे खरे, पण बसलेले कॅडमियमही तितक्याच वेगाने परत विरघळते.

सगळ्यांत महत्त्वाचे कोष्टक वेळेचे. १५ मिनिटांनी ६, ३० ला १.३, ४५ ला ०.८, ९० ला २.१, तीन तासांनी १४. डस्टमधले जस्त संपत आले की हवेतला ऑक्सिजन कॅडमियमला परत द्रावणात ढकलतो. जास्त वेळ ठेवून जास्त शुद्ध होईल ही समजूत इथे उलटी पडते.

२२ जुलै: सिमेंटेशन, १००० लिटर

दोन टप्पे. पहिला: ०.७ किलो डस्ट, ३० मिनिटे, गाळणे. दुसरा: ०.४ किलो, २० मिनिटे, गाळणे. एकाच टप्प्यात १.१ किलो टाकले तर बसलेले सगळे कॅडमियम शेवटपर्यंत द्रावणाच्या संपर्कात राहते. दोन टप्प्यांत दुसऱ्या वेळी केकमध्ये कॅडमियम नावालाच असते, विरघळून विरघळणार किती.

डस्ट कोरडी टाकायची नाही, गोळे होतात. पाच लिटर पाण्यात कालवून लगेच. ढवळणीत भोवरा पडला की तो हवा आत ओढतो, म्हणून टाकीला चार बॅफल (भोवरा तोडणाऱ्या पट्ट्या) वेल्ड करून त्यांवर अस्तर चढवले.

निकाल: कॅडमियम ०.५, तांबे ०.१ च्या खाली, शिसे ०.९.

२५ जुलै: केकमधून परत आलेले कॅडमियम

पहिल्या टप्प्याचे गाळणे चालू असताना वीज गेली. केक आणि द्रावण प्रेसमध्ये अडीच तास राहिले. पंप सुरू केल्यावर पहिल्या ६० लिटरमध्ये कॅडमियम ३८ मिलिग्रॅम प्रति लिटर. ते पुढच्या टाकीत गेले असते तर सगळी बॅच २ च्या वर गेली असती. द्रावण मागे घेऊन ०.२ किलो डस्टने पुन्हा बसवले.

नियम: गाळणे मध्येच थांबले तर प्रेसमधले द्रावण पुढे नाही, मागे. आणि केक हवेने वाळवण्याआधी पाण्याचे धुणे. आधी हवा मारली तर कॅडमियम ऑक्सिडाइज होते आणि मग धुण्याच्या पाण्यातून निघते. क्रम चुकला की स्वच्छ झालेले पुन्हा घाण.

प्रेसच्या पंपाला छोटा जनरेटर जोडला आहे.

३१ जुलै: झिंक डस्ट

उघडलेल्या ड्रममधली डस्ट दोन आठवड्यांत ९५ टक्के धातूवरून ८८ वर आली. दमट हवा. तेवढीच डस्ट टाकून कॅडमियम ३.५ उरले. आता डस्ट ५ किलोच्या बंद पिशव्यांत घ्यायची. डस्टमध्ये शिसे ०.२ टक्क्यांपेक्षा कमी, हे खरेदीच्या ऑर्डरवर लिहायचे. डस्टच्या खोलीत पाण्याची बादली नको, कोरडी वाळू ठेवायची.

५ ऑगस्ट: सल्फाइडचा पर्याय

सोडियम सल्फाइडने कॅडमियम बसवता येते, डस्टपेक्षा स्वस्तातही. नाकारले. पीएच ५ ला हायड्रोजन सल्फाइड सुटतो, जस्तही बरेच बसते, आणि कॅडमियम सल्फाइड इतके बारीक की शिशाचीच कथा पुन्हा.

सल्फाइडचा एक थेंब मात्र शॉप फ्लोअरवर ठेवायला हरकत नाही. पांढऱ्या टाइलवर द्रावणाचे चार थेंब, वर एक थेंब सोडियम सल्फाइड, फ्यूम हूडमध्ये. शुद्ध जस्त असेल तर साका शुभ्र. पिवळी झाक कॅडमियमची. करडी किंवा तपकिरी शिसे, तांबे, लोहाची. शेजारी शुद्ध झिंक सल्फेटचा थेंब ठेवून तुलना करायची. दहा मिलिग्रॅमच्या खाली हे दिसत नाही, त्यामुळे बॅच पास करायला उपयोग नाही, पण सिमेंटेशन साफ फसले असेल तर अर्ध्या मिनिटात कळते.

१२ ऑगस्ट: स्फटिक

द्रावण गरम असताना घनता १.४५, म्हणजे ४५ बोमे (घनतेचे एक माप), येईपर्यंत आटवायचे. मग थंड करताना ३९ अंशांच्या खाली हेप्टाहायड्रेट, वर हेक्साहायड्रेट. दुपारी ३८-४० ला काढलेला माल मिश्र निघतो: जस्ताची टक्केवारी जास्त दिसते म्हणून प्रयोगशाळा खूश, पण पोत्यात गठ्ठे होतात आणि ठिबकवाल्याची तक्रार येते. ३० अंशांपर्यंत नेल्यावरच सेंट्रिफ्यूज.

सेंट्रिफ्यूजमध्ये मालाच्या ४ टक्के थंड पाणी फवारायचे. स्फटिकांना चिकटलेल्या मदर लिकरमधूनच बहुतेक क्लोराइड आणि उरलेले कॅडमियम येते. पहिला माल २९० किलो, जस्त २२.१ टक्के.

२० ऑगस्ट: मदर लिकर

बॅचमागे २०० लिटर मदर लिकर उरते, जस्त लिटरला २२५ ग्रॅम. फेकण्याचा प्रश्नच नाही. पण ते सरळ बाष्पीकरणात परत सोडले तर क्लोराइड, सोडियम आणि कॅडमियम फेरीगणिक चढत जातात. क्लोराइड पहिल्याच फेरीत ३ ग्रॅम प्रति लिटर झाले होते.

दोन बदल केले. मदर लिकर परत जाते ते सिमेंटेशनच्या आधीच्या टाकीत, बाष्पीकरणात नाही. आणि दरवेळी २० लिटर बाजूला काढून त्यात साडेसात किलो सोडा ॲश. झिंक कार्बोनेट बसते, क्लोराइड पाण्यात राहते. ते कार्बोनेट धुऊन लोहाच्या पायरीत झिंक ऑक्साइडच्या जागी वापरतो, उरलेले लीचिंगला. कॅडमियम त्याच्याबरोबर परत येते, पण सिमेंटेशनच्या आधी येते, म्हणून चालते. झिंक ऑक्साइडची खरेदी बंद झाली.

२ सप्टेंबर: तपासणी

बाहेरच्या एका प्रयोगशाळेचा आणि आपला आकडा जुळत नव्हता: कॅडमियम त्यांचे ०.३, आपले ०.९ मिलिग्रॅम प्रति किलो. कारण स्टँडर्ड. साध्या पाण्यातले कॅडमियम स्टँडर्ड आणि जस्ताने भरलेला दाट नमुना ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनच्या (धातूचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्राच्या) नेब्युलायझरमध्ये सारखे फवारले जात नाहीत. दाट नमुना कमी ओढला जातो, आकडा कमी दिसतो. स्टँडर्ड शुद्ध झिंक सल्फेटच्या त्याच तीव्रतेच्या द्रावणात करायचे, कॅडमियमला २२८.८ आणि शिशाला २८३.३ नॅनोमीटर, बॅकग्राउंड करेक्शन चालू. ज्ञात कॅडमियम घातलेला नमुना सोबत पाठवायचा आणि तो ९० ते ११० टक्के परत मिळाला तरच अहवाल मानायचा.

१० सप्टेंबर: सांडपाणी आणि केक

राख धुतलेल्या पाण्यात चुना घालून पीएच ९.५ केला तरी जस्त २८ मिलिग्रॅम प्रति लिटर. मर्यादा ५. अमोनिया जस्ताला धरून ठेवतो, बसू देत नाही. पीएच ११ ला नेऊन तीन तास हवा मारली, अमोनिया गेल्यावर पुन्हा ९.५ ला आणले: जस्त १.६. नदी-नाल्यात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकात शिसे ०.१ आणि कॅडमियम २ मिलिग्रॅम चालते. कॅडमियमची ही मर्यादा ढिली वाटते, आपण ०.१ च धरली आहे. पाणी धुण्याला परत वापरतो.

लीच केक वाळल्यावर ४० किलो, त्यात शिसे जवळपास ५ टक्के. लोहाचा केक वेगळा, आर्सेनिक त्यात. दोन्ही रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला, मॅनिफेस्टसह (कचरा वाहतुकीची नोंदपत्रिका). २०१६ च्या नियमांप्रमाणे आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही.

सिमेंटेशनचा केक परवानाधारक पुनर्चक्रीकरणवाल्याकडे. तो ओला ठेवायचा. वाळला तर आपोआप तापतो. पण ओल्या केकमधून हायड्रोजन सुटत राहतो, म्हणून ड्रमच्या झाकणाला छिद्र. घट्ट बंद केलेल्या ड्रमची झाकणे दुसऱ्या दिवशी फुगलेली होती. हाताळताना हातमोजे आणि पी१०० (बारीक धूळ रोखणारा) मास्क, कपडे कारखान्यातच धुवायचे.

१९ सप्टेंबर: सलग बॅचेस

मदर लिकर फिरवत घेतलेल्या शेवटच्या पाच बॅचचा माल, किलोमागे मिलिग्रॅम: शिसे २ ते ४, कॅडमियम ०.७ ते १.९, आर्सेनिक ०.५ च्या खाली. जस्त २१.९ ते २२.२ टक्के, पाच टक्के द्रावणाचा पीएच ४.३. १.९ वाली बॅच ती जिच्यात दुसऱ्या टप्प्याचे गाळणे कार्ट्रिज बुजल्यामुळे ७० मिनिटे चालले. सुटे कार्ट्रिज आता प्रेसच्या बाजूलाच ठेवले आहेत.

भंगार भट्टीच्या राखेचा नवा लॉट आज आला: शिसे २.१, कॅडमियम ०.४४ टक्के. निम्मे मिश्रण केले तर द्रावणात कॅडमियम ४०० मिलिग्रॅमच्या वर जाईल, डस्ट दीडपट लागेल आणि पहिल्या टप्प्याचा केक प्रेसमध्ये मावणार नाही. हा लॉट एक भाग, पाइपची राख चार भाग असाच घ्यायचा. खरेदीला कळवले: कॅडमियम ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर दर जस्तावर नाही, जस्त वजा डस्टचा खर्च यावर ठरेल.